कोरडी पट्टी

मी मुळातच संशयी. हे काही मिरवायचं म्हणून सांगत नाही, पण पुढचं कळायला आधी एवढं सांगायला हवं. दूधवाल्याने लोटी खाली ठेवली की मी दुधाच्या आधी त्याच्या तोंडाकडे बघते. आई म्हणायची, "हिच्या दारात देव उभा राहिला तर ही त्याला आधी गाव विचारील."

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी मुंबईला एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते, आणि तिथे ह्या स्वभावाचं चक्क कौतुक होत होतं. माझे मार्गदर्शक सर सांगायचे, "संशय घ्यायला शिका. पण आधी स्वतःच्या हातावर, मग नळीवर, मग औषधावर, आणि सगळ्यात शेवटी उंदरावर." मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. लिहून ठेवलं की आपल्याला ते आलं असं वाटतं, तसं मलाही वाटलं.

माझं काम अश्रूंचं. म्हणजे उंदराच्या अश्रुग्रंथीचं. घरी रत्नागिरीला हे सांगितलं तेव्हा चुलतकाका अर्धा तास हसत होते. "पोरगी मुंबईस जाऊन उंदरांना रडवते," हे वाडीत सगळीकडे झालं. एकटा दादा हसला नाही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तोही मुंबईलाच, एका छापखान्यात होता. गावच्या माणसांबरोबर गाळ्यात, एका सामायिक खोलीत, राहायचा, आणि दर रविवारी वसतिगृहावर येऊन मला विचारायचा, "ह्या आठवड्यात काय कळलं?" मग मी त्याला फाटकापाशी उभ्याउभ्या सगळं समजावून सांगायची.

काय सांगायची, तेही थोडं सांगते. अश्रू तयार करणाऱ्या पेशी आपल्या मनाने काही करत नाहीत. मज्जातंतूच्या टोकाशी एक रसायन सुटतं आणि पेशीच्या दारावर येऊन लागतं. तो हुकूम. हुकूम आला की पेशीने आपल्या पोटात साठवून ठेवलेलं कॅल्शियम सुटतं, आणि त्याच्या जोरावर पहिला स्राव बाहेर पडतो. ही साठवण थोडी असते. पाणी वाहतं राहायचं तर बाहेरचं कॅल्शियम पेशीत शिरावं लागतं. मी ग्रंथीचे बारीक तुकडे दोन नळ्यांत ठेवायची, एकीत कॅल्शियम असलेलं पाणी, दुसरीत ते काढून घेतलेलं. मग हुकमासारखं काम करणारं औषध दोन्हींत सारखंच घालायची. पहिल्या नळीतून काढलेल्या पाण्यात तपासणीचं रसायन टाकलं की त्याला तांबूस रंग चढायचा, म्हणजे स्राव झाला. दुसरीत जरासा फिकट रंग यायचा आणि तिथेच थांबायचा. तेवढा धरायचा नाही, म्हणून मी वहीत लिहायची: औषध घातले, स्राव नाही. अशी पानंच्या पानं भरली होती.

दादाला हे फार आवडायचं. एकदा म्हणाला, "म्हणजे हुकूम पोचतो, पण पाणी येत नाही, असं होऊ शकतं?" मी म्हटलं, होतंच की, रोज होतं. तो म्हणाला, "तुझ्या वहिनीला सांगायला हवं." मला वाटलं, गंमत म्हणून सांगणार असेल. मी पुढे विचारलं नाही. एवढी संशयी मी, आणि नेमकं तिथे विचारलं नाही.

त्या वर्षी होळी झाल्यावर दादा काविळीने आजारी पडून गावी आला आणि पंधरा दिवसांत गेला. तार मला दुसऱ्या दिवशी मिळाली. पहाटेच्या एसटीने निघाले. खेडच्या डेपोत गाडी चहाला थांबली तेव्हा मी बाकावर बसून एवढी रडले, की चहावाल्याने न मागता पाण्याचा गडू पुढे केला. हे सांगते, कारण पुढे मी ते रडणं पुराव्यासारखं वापरलं.

घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. पडवीत बायका बसल्या होत्या. आईने मला बघून जो टाहो फोडला तो अजून कानात आहे. मी तिच्या गळ्यात पडले. आणि आईच्या खांद्यावरून मला वहिनी दिसली. भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर सहा वर्षांची मुलगी, आणि डोळे कोरडे ठणठणीत. लाल होते, पण कोरडे. ती सारखी पापण्या मिटत होती, उघडत होती, आणि माझ्याकडे बघत होती.

माझ्या मनात तिथेच शंकेची पाल चुकचुकली.

वहिनी हेदवीची. लग्नाला सात वर्षं झाली होती. दादा मुंबईला, ती इथे आईजवळ. गणपतीला आणि शिमग्याला काय तो संसार. शेजारच्या काकू माझ्या कानाशी लागल्या. "टिपूस नाय गो काढलान. इस्पितळातनं आणलानी तेव्हा नाय, नेताना पण नाय. आमी सगळ्या बघतोव." मी म्हटलं, "धक्का बसला असेल." पण म्हणताना माझाच आवाज मला पोकळ वाटला; खेडला मला धारा लागल्या होत्या, मग हिला का नाही?

त्या दिवसापासून मी तिच्यावर नजर ठेवली. डोळ्यांत तेल घालून म्हणतात तशी. आणि संशयाने बघायला लागलं की माणूस दिवसभर पुरावेच देत राहतं. जेवायला बसली की तिच्याशेजारी पाण्याचा तांब्या लागायचा, घासागणिक घोट. भाकरी पेजेत कुस्करल्याशिवाय घशाखाली उतरत नव्हती. मी मनात म्हटलं, नवरा गेला आणि हिला भाकरी मऊ लागते. सकाळी उठली की हाताची बोटं धरून बसायची, मुठी वळत नसत. मी म्हटलं, कामाची टाळाटाळ. कुणी रडत आलं की ही डोळे चोळायची आणि म्हणायची, "वाळू गेल्यासारखं होतं." मी म्हटलं, झालं, आता वाळूचं निमित्त. ती सगळं मोठ्या शांतपणे करत होती, मुलीची वेणी घालत होती, गुरांना पाणी दाखवत होती. ती शांतता तर मला सगळ्यात जास्त खटकली.

पाचव्या दिवशी दुपारी पडवीत आई, काकू, मामी आणि मी होतो. वहिनी विहिरीवर गेली होती. आईने मला सरळ विचारलं, "तू शिकतंस ना ह्याचाच? मग सांग. माणसाला दुःख झाला तर पाणी येतं की नाय?"

आता इथे मला गप्प बसता आलं असतं. निदान "मला माहीत नाही" म्हणता आलं असतं. पण चार बायका तोंडाकडे बघत होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं शिक्षण ह्या घराला हवं होतं. मी घसा साफ करून सांगितलं, "पाणी आपोआप येत नाही. मेंदूकडून हुकूम जावा लागतो. हुकूमच सुटला नाही, तर पाणी कुठून येणार?"

"म्हणजे हिच्या मनात काय नाय," मामी म्हणाली.

मी मान हलवली की नाही हे मला खरंच आठवत नाही, पण हलवलीच नाही असं मी म्हणणार नाही. विहिरीकडून वहिनी हंडा घेऊन येत होती. पायरीपाशी ती क्षणभर थांबली, मग आत गेली. तिने ऐकलं असेल का, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारलासुद्धा नाही.

दहाव्या दिवशी तिच्या बांगड्या उतरवल्या. आमच्याकडे हे बायकाच करतात. त्या वेळी सगळ्यांचं लक्ष हाताकडे असायला हवं, पण त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा तिच्या तोंडावर होत्या. आता तरी, आता तरी. तिचा ओठ थरथरला, घशातून एक आवाज आला. डोळे तसेच. काकूने मामीकडे बघितलं, मामीने आईकडे. आणि ह्या बघाबघीतच ठरलं. संध्याकाळी घरातलं मोठं पुरुषमाणूस म्हणून मामाने सांगून टाकलं, की तिच्या भावाला हेदवीला निरोप धाडावा, चौदाव्या दिवशी येऊन तिला घेऊन जावं. माहेरी राहील चार महिने. मुलगी इथेच राहील, आमच्या घरची आहे.

चार महिने म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. वहिनीलाही कळलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने एवढंच विचारलं, "पोरीला पण नेऊ ना?" मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

आणि काय आश्चर्य, अकराव्या दिवशी वहिनी रडली.

माझी एक लांबची आत्या राजापूरहून भेटायला आली होती. ती गळा काढून वहिनीला बिलगली, आणि वहिनीच्या दोन्ही गालांवरून पाणी ओघळलं. आत्याने पदराने ते पुसलं. आईचं तोंड जरा सैल झालं. माझं मात्र आणखी आवळलं. दहा दिवस नाही आणि आजच कसं? आत्याची रिक्षा फाटकाशी वाजली तेव्हा वहिनी आतल्या खोलीत होती. तिथून बाहेर आली तीच ओली होऊन. मी उठून खोलीत गेले. तिच्या वळकटीखाली हात घातला आणि करंगळीएवढी एक काचेची बाटली हाताला लागली. हुंगली. गुलाबपाणी.

मला जो आनंद झाला, त्याची आज लाज वाटते. पण झाला होता. आपला संशय खरा निघाल्याचा आनंद फार वाईट असतो, आणि फार गोड. मी बाटली घेऊन पडवीत गेले आणि आत्यासकट सगळ्यांसमोर ती आईच्या पुढ्यात ठेवली. "ही बघा वहिनीची आसवं," मी म्हटलं.

वहिनी जागची हलली नाही. म्हणाली, "मिरकरवाड्यातल्या भाभीने दिलेली आहे. तिचे यजमान दुबईला असतात. डोळे जळतात माझे, म्हणून घालते. कधीपासून घालते."

"आणि आज? आज डोळे जळले म्हणून घातलंस?" मी विचारलं. दादाच्या बायकोला मी अगंतुगं कधी केलं नव्हतं, त्या दिवशी केलं.

तिने एकदा मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाही," ती म्हणाली. "आज तुम्हाला दिसावं म्हणून घातलं. मला माझी पोर हवी आहे."

आई उठून आत गेली. आत्या म्हणाली, "शिव शिव." त्यानंतर वहिनीशी कुणी बोललं नाही. बाटली पडवीतच पडून राहिली, आणि कुणाला ती उचलावीशीही वाटली नाही.

तेराव्या दिवशी जेवणं झाली. पाहुणे गेले. चौदाव्या दिवशी सकाळी मला वेळ होता, कारण मीच म्हटलं होतं की मला वहीतलं काम आहे. खरं तर मला वहिनीची बांधाबांध बघायची नव्हती. माजघरात बसून मी वही उघडली. डाव्या पानावर पहिल्या नळीचे आकडे, उजव्या पानावर दुसरीचे. औषध घातले, स्राव नाही. औषध घातले, स्राव नाही. पान उलटलं, पुन्हा तेच. माझंच अक्षर.

ह्या दुसऱ्या नळीबद्दल मी एकदाही असं लिहिलं नव्हतं, की हुकूम सुटला नाही. हुकूम मीच माझ्या हाताने सोडला होता. तो पोचला होता. पाणी येत नव्हतं, कारण ग्रंथीजवळ जे हवं ते नव्हतं. उंदराच्या ग्रंथीवर मी एवढा विश्वास ठेवला होता. आणि दादाने फाटकापाशी विचारलेला प्रश्न मला आता कुठे ऐकू आला. तो गंमत करत नव्हता. तो त्याच्या बायकोबद्दल विचारत होता.

पाण्याचा तांब्या. पेजेत कुस्करलेली भाकरी. सकाळी न वळणाऱ्या मुठी. डोळ्यांतली वाळू. एकेक गोष्ट मीच गोळा केली होती, तिच्याविरुद्ध. डोळे आणि तोंड दोन्ही सुकवणारा, सांधे धरणारा एक आजार असतो, हे मी अश्रुग्रंथीच्या पुस्तकात वाचलेलं होतं. वाचून परीक्षेत लिहिलंही होतं.

वहीत खूण म्हणून मी गाळण कागदाच्या चकत्या घालून ठेवायची. एक काढली, कात्रीने बोटाच्या निम्म्या रुंदीच्या पट्ट्या कापल्या. डोळ्यांचे डॉक्टर अशी पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटं ठेवतात आणि कुठवर भिजली ते बघतात, एवढं मला माहीत होतं. हात दोनदा साबणाने धुतले आणि मागच्या पडवीत गेले.

वहिनी मुलीचे कपडे घडी घालून एका बाजूला ठेवत होती. आपले दुसऱ्या बाजूला, पिशवीत.

"वहिनी, एक तपासायचं आहे. डोळ्यात कागद लावावा लागेल. दुखणार नाही."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला पाठ फिरवून पळावंसं वाटलं. "आता आणखी काय सापडायचं राहिलं, वन्सं?"

"तुमच्यात नाही. माझ्यात," मी म्हटलं. "आधी मी मला लावते."

मी एक पट्टी वाकवून माझ्या पापणीत अडकवली. टोचली. दुसरी तिच्या डोळ्यात लावली. आम्ही दोघी समोरासमोर उकिडव्या बसलो, गालावर कागदाच्या जिभा लोंबताहेत, आणि मधे मी मनगटातलं घड्याळ काढून ठेवलेलं. दुसरं कुणी बघितलं असतं तर आम्हाला वेड लागलंय म्हटलं असतं. दोन मिनिटांत माझी पट्टी टोकापर्यंत भिजली आणि पाणी हनुवटीवर ठिबकायला लागलं. तिची पाच मिनिटांनीही कोरडी होती. अगदी वरच्या दुमडीशी तांदळाच्या दाण्याएवढा ओलावा. मी ती हळूच काढली, तर तिची पापणी कागदाला चिकटून आली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पोर झाली तेव्हापासून. ह्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, बहिणीला विचारतो, ती त्यातलीच आहे." तिने माझ्या हातातल्या दोन पट्ट्यांकडे बघितलं. मग विचारलं, "तुमची भिजली ती कशाने? ह्यांच्या आठवणीने?"

"नाही," मी म्हटलं. "कागद टोचला म्हणून."

तिने मान हलवली आणि पुन्हा घड्या घालायला लागली.

मी दोन्ही पट्ट्या घेऊन आईकडे धावले. ग्रंथी, हुकूम, कॅल्शियम, सगळं घडाघडा सांगितलं. वहिनीचे डोळे आतून सुकले आहेत, तिला दुःख झालंय पण पाणी तयार होत नाही, मी चुकले. मामाही तिथेच होता. त्याने पट्ट्या उलटसुलट करून बघितल्या आणि आईच्या हातात दिल्या. "ह्या कागदावरनं माणसाचा मन कळतं?" तो म्हणाला. "त्या दिवशी तूच सांगितलंस ना, हुकूम नाय म्हणून?"

हेच तर होतं. माझा संशय घरात सगळ्यांना एका क्षणात पटला होता. माझी कबुली कुणाला पटेना. मी रडायला लागले, तर मामा म्हणाला, "बघ, तुला येतं की." माझ्या आसवांचा असा राग मला कधीच आला नव्हता.

तेवढ्यात वहिनीचा भाऊ आला. उन्हातून चालत आलेला, टॉवेल खांद्यावर. ओटीवर बसला, पाणी प्याला, कुणाशी नजर मिळवेना. वहिनी पिशवी घेऊन बाहेर आली. मुलगी तिच्या पदराला धरून होती आणि तिला काही सांगितलेलं नव्हतं.

आई त्या दोन पट्ट्या अजून हातात धरून होती. ती एकाएकी म्हणाली, "थांबा." आणि स्वयंपाकघरात गेली.

दरवर्षी उन्हाळ्यात आमच्या अंगणात मिरच्या कुटायचं काम असायचं. वाडीतल्या बायका तोंडाला फडकी बांधून, शिंकत, नाकाडोळ्यांतून पाणी गाळत कुटायच्या. एकटी वहिनी फडकं बांधून, पण डोळे उघडे ठेवून, शांतपणे मुसळ चालवायची. आई वाडीभर सांगायची, "माझ्या सुनेला मिरची लागत नाय. हेदवीची हाय ती, घट्ट." पाच-सहा वर्षं आईने हे कौतुकाने सांगितलं होतं. ती बहुधा त्या पट्ट्या हातात धरून तेच आठवत असणार.

तिने चुलीवर तवा ठेवला आणि त्यावर सुक्या लाल मिरच्यांची मूठ टाकली. मागचं दार लावून घेतलं. मग हाक मारली, "सगळी आत या. पावणे, तुमी पण."

आम्ही आत गेलो. तवा तापला आणि मिरचीचा धूर असा उठला की पहिला ठसका मामाला लागला. मग वहिनीच्या भावाला. मग मला, नेमक्या तेव्हा आलेल्या काकूला, मुलीला. घशात काटे, नाकात आग. मामा भिंतीला धरून खोकत होता आणि गालावरून धारा वाहत होत्या. पोर किंचाळत बाहेर पळाली. आईचं तोंड भिजून चिंब झालं होतं, तरी ती तव्यासमोरून हलली नाही. ती फक्त वहिनीकडे बघत होती. वहिनीही खोकत होती, छातीवर हात दाबून, कमरेत वाकून. डोळे लालभडक. आणि कोरडे. एक थेंब नाही.

आईने तवा उतरवला, दार उघडलं. सगळे अंगणात येऊन उभे राहिलो, नाकं पुसत. मामाने टॉवेलात तोंड खुपसलं होतं.

वहिनीच पहिल्यांदा बोलली. खोकल्याने आवाज बसला होता. "आज सगळी रडलात," ती म्हणाली. "मी तेवढी राहिले."

आई तिच्याजवळ गेली. तिच्या हातातली पिशवी घेतली. पिशवी घेऊन माजघरात गेली आणि कपडे एकेक करून पुन्हा फळीवर ठेवायला लागली, मुलीच्या कपड्यांशेजारी. वहिनीचा भाऊ दुपारी जेवला आणि संध्याकाळच्या एसटीने एकटाच परत गेला. मामा पुन्हा त्या विषयावर बोलला नाही, आणि माफीही कुणी मागितली नाही. आमच्याकडे माफी मागायची पद्धत नाही. काकूने दुसऱ्या दिवशी फणसाची भाजी पाठवून दिली, एवढंच.

पुढे मी तिला शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनीही पट्टीच लावली, फक्त त्यांची छापील होती. आजाराचं नाव सांगितलं, बरा होत नाही असंही सांगितलं, थेंब लिहून दिले. पण ते नंतरचं.

त्या दिवशी भाऊ गेल्यावर वहिनी मागच्या पायरीवर बसली होती. मिरचीने डोळे सुजले होते, उघडता येत नव्हते. मी पडवीत जाऊन ती गुलाबपाण्याची बाटली शोधली. तीन दिवस तिथेच कोपऱ्यात पडून होती, बूच घट्ट होतं. हात धुऊन मी तिच्यापाशी बसले. तिने मान मागे टेकवली. मी पापणी हळूच उचलून एका डोळ्यात दोन थेंब सोडले, मग दुसऱ्यात. बाटली कलली, त्यामुळे जास्तच पडलं. पाणी कानशिलाकडून गालावर आलं आणि हनुवटीपर्यंत ओघळलं.

मी पदर पुढे केला. "पुसू?"

"नको," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. "ह्यांच्यासाठी आहे ते. राहू दे."